आकड्याला जात नसेल, दाराला आहे

सीएचे निकाल लागले की कोल्हापुरात सत्कार सुरू होतात. चौकात फलक लागतात, पेढे वाटले जातात, आणि कुठल्यातरी व्यासपीठावरून कुणीतरी जाणते वक्ते ठासून सांगतात की हिशेबाला जात नसते. टाळ्या पडतात. हेच वाक्य मी कॉलेजांच्या करिअर मार्गदर्शन शिबिरांत ऐकतो, पतसंस्थांच्या वार्षिक सभांत ऐकतो, व्यवसायातल्या मित्रांच्या गप्पांत ऐकतो. सहकारी संस्थांच्या वह्या तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माझ्यासारख्या माणसाला या वाक्याची चीड येते. व्हाउचर नसेल तर आम्ही पन्नास रुपयांचा चहापाण्याचा खर्चही मान्य करत नाही. मग एवढं मोठं विधान कुठल्या पुराव्यावर मान्य करायचं?

आधी ते म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. दोन अधिक दोन चार, बेरीज करणारा कुणीही असो. सीएच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. तपासणाऱ्याला आडनाव कळायची सोयच नाही. इथे राखीव जागा नाहीत, देणगी नाही, वशिला नाही, म्हणून हा देशातला सगळ्यात निखळ गुणवत्तेचा व्यवसाय. ज्याच्यात धमक आहे तो पुढे जातोच. बाबासाहेब नाही का गेले? काही समाजांची मुलं या क्षेत्रात कमी दिसतात कारण हिशेबाचं वळण घरातूनच यावं लागतं. आणि शाहू महाराजांच्या काळी जे होतं ते होतं. आता जातीचा विषय काढणारेच जात जिवंत ठेवतात.

असे हे पाच मुद्दे. त्यांतला एकही तपासणीत टिकत नाही. एकेक घेतो.

पहिला आकड्याचा. आकड्याला जात नसते हे कबूल, पण आकडा आपोआप वहीत उतरत नाही. त्याला लिहिणारा हात लागतो, आणि आपल्या मुलखात तो हात कुणाचा हे शेकडो वर्षं जन्मानं ठरत होतं. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे. कुलकर्णीपण वतनी, बापाकडून मुलाकडे जाणारं, आणि वतनदार बहुतेक ब्राह्मण. कुणाच्या नावावर किती जमीन, सारा किती, बाकी किती, भरणा झाला तो कुठल्या खात्यावर जमा पडला, हे सगळं त्याच्या दप्तरात आणि मोडी लिपीत. ज्याच्याकडून वसूल घ्यायचा त्या कुणब्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. सरकारी वसूल तालुक्याला पोचवताना सोबत महार असायचा, पण त्या वसुलाचा हिशेब त्याच्या हाती कधी पडला नाही. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं शोधताना कुलकर्ण्याच्या लेखणीवर बोट ठेवलं, आणि ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटलांना १९१३ मध्ये ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहावंसं वाटलं, ते याच अनुभवातून. हे मी कुठल्या एका जातीच्या माणसांना बोल लावण्यासाठी सांगत नाही. सचोटीचे कुलकर्णी गावोगाव होऊन गेले. प्रश्न व्यवस्थेचा आहे. हिशेब लिहिण्याचा हक्कच जेव्हा वारशानं मिळतो, तेव्हा बाकीच्यांची सचोटी आणि हुशारी बाहेर ओसरीवरच राहते.

दरबारातही तेच. १८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा करवीर म्हणजे कोल्हापूर राज्याच्या प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर होते फक्त १०. या कारकुनांच्या वह्यांतल्या आकड्यांनाही जात नव्हतीच. तरीही त्या मेजांवर कोण बसेल हे जातीनं ठरलं होतं. ‘हिशेबाला जात नसते’ हे वाक्य १८९४ सालच्या त्या कचेरीतही तितकंच खरं ठरलं असतं आणि तितकंच निरुपयोगी. जे विधान सर्वांत मोठ्या अन्यायाच्या काळातही खरं ठरतं, ते अन्याय संपल्याचा पुरावा कसं होईल?

महाराजांनी यावर काय केलं ते प्रत्येक हिशेबनिसानं पाहण्यासारखं आहे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते इंग्लंडला गेलेले असताना, २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातलीच व्हावी. या पन्नास टक्क्यांची आठवण आपण दरवर्षी काढतो. पण त्याच हुकुमातलं पुढचं कलम भाषणांत कधी येत नाही. या हुकुमानंतर झालेल्या सर्व नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं पाठवावं, असं त्यात बजावलं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या त्या राजाला माहीत होतं की सदिच्छेवर सोडलं तर काही हलत नाही. दर तीन महिन्यांनी कागदावर आकडे मागितले की खातेप्रमुखाला उत्तर द्यावं लागतं. परिणाम आकड्यांतच दिसला. १९१२ पर्यंत अधिकाऱ्यांच्या जागा वाढून ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण ३५ होते. ज्या माणसांच्या अंगी पात्रता नाही असं धरून चाललं होतं, ती माणसं दार उघडताच आत आली आणि कामाला लागली.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, मान्य. पण सीए होण्यासाठी नुसत्या परीक्षा पुरत नाहीत. फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल यांच्यामध्ये आर्टिकलशिप आहे. पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. एखाद्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली ती काढल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. तिथे घ्यायचं कुणाला, हे फर्मचे मालक ठरवतात. तिथे नंबर नसतो. तिथे नाव असतं, आडनाव असतं, गाव असतं, वडिलांचा धंदा असतो आणि बरोबर कुणाची ओळख आणली ते असतं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं सांगतो. पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीतली, वडील ऊसतोडीच्या टोळीत. ती इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप पास झाली आणि गुणपत्रिकांची फाइल छातीशी धरून शाहूपुरी, राजारामपुरीतल्या ऑफिसांचे जिने चढू लागली. एका ठिकाणी साहेबांनी फाइल उघडण्याआधी विचारलं, ‘गाव कुठलं?’ मग ‘वडील काय करतात?’ मग ‘आडनाव काय म्हणालीस?’ ते तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, तरी पुन्हा विचारलं. मग ‘कुणी पाठवलं तुला?’ कुणीच पाठवलं नव्हतं. ती परीक्षेत पास झाली होती म्हणून आली होती. फाइल न उघडता परत मिळाली आणि ‘कळवतो’ असं उत्तर मिळालं. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या तिच्या वर्गमैत्रिणीची जागा घरून झालेल्या एका फोनवर नक्की झाली. कुणी अपमान केला नाही, कुणी जातिवाचक शब्द उच्चारला नाही, तक्रार करायला जागा ठेवली नाही. इतक्या सभ्यपणानं दार लावलं जातं की बाहेर उभ्या राहिलेल्या मुलीला आपल्यातच काही कमी असावं असं वाटू लागतं.

आता कुणी सांगावं, निनावी उत्तरपत्रिकेनं या मुलीला काय दिलं? परीक्षा आंधळी असेल. पण परीक्षेच्या आधी आणि नंतर जे डोळे तिला निरखतात ते चांगले उघडे आहेत. भाषेचं तर आणखी वेगळं. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलांना विषयाआधी भाषेशी झुंजावं लागतं. स्टायपेंडचा किमान दर शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरतो, आणि कोल्हापुरात राहून खोलीभाडं, मेस आणि क्लासची फी यांतलं एकही त्यात धड भागत नाही. या काळात दुसरी नोकरीही करायची नाही. ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात त्याच्यासाठी ही दोन वर्षं शिक्षणाची. ज्याच्याकडून घरी पैसे जायला हवेत त्याच्यासाठी ती उपासाची. दोघांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे न्याय झाला का?

तिसरा मुद्दा बाबासाहेबांचा, आणि इथे माझा राग सर्वांत जास्त आहे. ज्यांना बाबासाहेबांची चरित्रकथा फक्त यशाच्या उदाहरणापुरती हवी असते, त्यांनी हिशेबाच्या क्षेत्रात त्यांच्या वाट्याला काय आलं ते तरी वाचावं. कोलंबिया विद्यापीठाची पदवी आणि लंडनचा अभ्यास घेऊन १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, उमेदवार म्हणून. म्हणजे या देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थतज्ज्ञांपैकी एकाची परदेशातून परतल्यानंतरची नोकरी हिशेबाच्या कचेरीतच सुरू झाली. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना लाठ्या घेतलेल्या दहाबारा पारश्यांनी त्यांना गाठलं आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला बजावलं. कचेरीत चपरासी कागद लांबूनच टेबलावर टाकत. शहरातल्या मित्रांकडेही आसरा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी मुंबईची गाडी धरली.

मुंबईत पोट भरण्यासाठी त्यांनी हिशेबाचं काम केलं आणि शेअर व गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचं बंद झालं आणि व्यवसाय गुंडाळावा लागला. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करत, पण शिक्षकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांचा हात लागू नये म्हणून सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. पुढे १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. तोवर रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला होता.

अशा माणसाचं उदाहरण देऊन कुणी म्हणत असेल की ज्याच्यात धमक आहे तो पुढे जातोच, तर त्यानं आपल्याच विधानाचा अर्थ तपासावा. दोन खंडांतल्या विद्यापीठांनी ज्याची बुद्धी मान्य केली, त्याच्याकडून गुंतवणुकीचा सल्ला घ्यायला मुंबईचं गिऱ्हाईक तयार नव्हतं. मग साधी बी.कॉम. झालेल्या, कष्टाळू, चारचौघांसारखी हुशार असलेल्या मुलामुलींनी काय करायचं? व्यवसायात टिकण्यासाठी बाबासाहेबांएवढं मोठं व्हावं लागणं हाच अडथळ्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. वरच्या घरातल्या सामान्य मुलाला सामान्य राहून सीए होता येतं. खालच्या वस्तीतल्या मुलाला मात्र आपण असामान्य असण्याची अट घालतो, आणि तो ती अट पुरी करू शकला नाही की त्याच्यात गुणवत्ता नव्हती म्हणतो.

अन् एक गोष्ट लक्षात ठेवावी. बडोद्याच्या हिशेब कचेरीतून ज्यांना असं निघावं लागलं, त्यांनीच ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं की भारताचे महालेखापरीक्षक हे संविधानातले बहुधा सर्वांत महत्त्वाचे अधिकारी आहेत. त्यानंतर साधारण महिन्याभरानं, १ जुलै १९४९ ला, चार्टर्ड अकाउंटंट कायदा अमलात आला आणि चार्टर्ड अकाउंटंटांची आजची इन्स्टिट्यूट उभी राहिली. देशाचा हिशेब तपासणाऱ्याला स्वातंत्र्य आणि सन्मान हवा, हे ठासून सांगणाऱ्यांत बाबासाहेब पुढे होते. त्यांच्या समाजातल्या मुलांना आज या व्यवसायात ओळखीशिवाय पाय ठेवता येत नसेल, तर व्यवसायातल्या प्रत्येकाला त्याची लाज वाटायला हवी.

चौथा मुद्दा वळणाचा. हिशेब रक्तात असावा लागतो, घरातूनच यावा लागतो, असं बोलणारी माणसं शिकलेली असतात म्हणून जास्त वाईट वाटतं. याचं उत्तर कोल्हापुरानं शंभर वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतनं बरखास्त केली आणि त्या जागी पगारी तलाठी आणले. केवढा विरोध झाला! वतनदारांनी अर्ज केले, परिषदा भरवल्या, बाहेरच्या वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. महाराज मागे हटले नाहीत. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य समाजांतली मुलं ज्या वसतिगृहांत राहून शिकत होती ती त्यांनी आधीच उभी केली होती: १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. म्हणजे आधी राहायची जागा, मग शाळा, मग तलाठ्याच्या नोकरीचं दार. ज्यांच्या सात पिढ्यांनी दप्तराला हात लावला नव्हता त्यांची मुलं गावचा हिशेब ठेवू लागली. जमिनीची नोंद बुडाली का? सारा वसूल व्हायचा थांबला का? उर्वरित मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५० साल उजाडलं. करवीरनं ते बत्तीस वर्षं आधी करून दाखवलं. आज सातबारा घ्यायला आपण ज्या तलाठ्याकडे जातो त्याची जात विचारून आपण उताऱ्याचा खरेखोटेपणा ठरवतो का?

याच्या पुढे जाऊन पाहा. जिथे दारावर नियम आहे तिथे सगळे समाज हिशेब करताना दिसतात. महालेखापालांच्या कार्यालयात, कोषागारात, स्थानिक निधी लेखापरीक्षणात, राज्याच्या वित्त व लेखा सेवेत अनुसूचित जातींचे, भटक्या जमातींचे, ओबीसी समाजांचे अधिकारी कोट्यवधींचे व्यवहार तपासतात. सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. परीक्षेचा अभ्यास मराठीतून करता आला, तिला आर्टिकलशिपची अट नव्हती, म्हणून या जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या मुलांना लेखापरीक्षक होता आलं. मीही त्याच वाटेनं आलो. वळण रक्तातून येत असेल तर ते सरकारी कचेरीत कसं सापडतं आणि खासगी फर्मच्या उंबऱ्यापाशी कसं हरवतं?

हे फक्त आपल्याकडचंच दुखणं आहे असंही कुणी मानू नये. अमेरिकेत जॉन क्रॉमवेल हे पहिले कृष्णवर्णीय सीपीए, म्हणजे तिथले सीए, झाले ते १९२१ साली. गणितातली त्यांची बुद्धी डार्टमथ कॉलेजात सिद्ध झालेली होती. अडत होतं ते एकाच ठिकाणी: परवाना हवा तर एखाद्या सीपीएच्या हाताखाली अनुभव हवा, आणि गोऱ्या फर्म काळ्या माणसाला ठेवून घेत नव्हत्या. शेवटी अनुभवाची अट नसलेल्या न्यू हॅम्पशायर राज्यात जाऊन त्यांनी परवाना मिळवला. १९४३ मध्ये मेरी वॉशिंग्टन शिकागोत सीपीए झाल्या. त्यांची फर्म पुढे इतर कृष्णवर्णीय तरुणांना तो अनुभव मिळण्याचं ठिकाण बनली, कारण दुसरीकडे तो मिळत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत वाइसमन न्कूहलू हे पहिले कृष्णवर्णीय चार्टर्ड अकाउंटंट झाले ते थेट १९७६ साली. तीन देश, तीन इतिहास, आणि तिन्हीकडे दार अडलं ते एकाच ठिकाणी, अनुभवाच्या उंबऱ्यावर. हा योगायोग कसा म्हणायचा? हिशेबाचा धंदा विश्वासावर चालतो आणि विश्वास ओळखीतून येतो. जिथे ओळखी जातीच्या किंवा वर्णाच्या कुंपणात फिरतात तिथे विश्वासही त्याच कुंपणात फिरतो.

इथेच पाचवा मुद्दा येतो: ते जुनं झालं, आता विषय काढू नका. जुनं झालं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत संस्थांच्या वार्षिक सभा होतात आणि त्यांत पुढच्या वर्षाचा लेखापरीक्षक नेमला जातो. पॅनेलवर नावं पुष्कळ असतात. सभेत कुठलं नाव येतं? संचालकांच्या माहितीतलं, नात्यातलं, त्यांच्या बोर्डिंगमधल्या वर्गमित्राचं. गुजरीतला सराफ, मार्केट यार्डातला गूळ व्यापारी, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला कारखानदार, इचलकरंजीचा यंत्रमागवाला, या सगळ्यांना आपली खरी उलाढाल दाखवायला घरचा वाटेल असा माणूस हवा असतो. कागदोपत्री कुणालाच मनाई नाही, हे मला ठाऊक आहे. पण नव्या वस्तीतल्या, नव्या आडनावाच्या सीएला पहिली पाच वर्षं फक्त विवरणपत्रं भरण्याची किरकोळ कामं मिळतात आणि मोठं ऑडिट त्याच्या वर्गमित्राकडे वडिलांच्या प्रॅक्टिसबरोबर चालत येतं. यातली पहिली गोष्ट गुणवत्तेचा अभाव आणि दुसरी गुणवत्तेचं फळ, असं कुणी समजत असेल तर त्यानं ताळेबंदाची एकच बाजू वाचली आहे.

जातीचा विषय काढल्यानं जात टिकते, हे म्हणणं तर लेखापरीक्षकानं तरी तोंडातून काढू नये. तफावत दाखवणाऱ्यामुळे तफावत निर्माण होते का? अफरातफर पकडणाऱ्यामुळे अफरातफर होते का? आडनाव दुसऱ्यांदा विचारणाऱ्या साहेबांनी जात काढली की त्या मुलीनं? तिनं तर फक्त फाइल पुढे केली होती. जी गोष्ट मुलाखतीच्या खोलीत रोज बोलली जाते ती सभागृहात बोलू नये, एवढाच या उपदेशाचा अर्थ उरतो.

शेवटी दर्ज्याची भीती घातली जाते. आर्टिकलशिपमध्ये सामाजिक विचार आणला तर व्यवसायाचा दर्जा घसरेल म्हणे. कसा? कुणी गुण वाढवून मागितलेले नाहीत. फायनलची प्रश्नपत्रिका सोपी करा असं कुणी म्हटलेलं नाही. मागणी एवढीच आहे की जो परीक्षा पास झाला त्याला उमेदवारी करायला जागा मिळावी आणि जो सीए झाला त्याला कामावरून जोखावं. ओळखीवर आलेला कमी गुणांचा मुलगा चालतो आणि गुणांवर आलेली अनोळखी मुलगी आली की दर्जा आठवतो, हा न्याय कुठला? दर्ज्याची खरी चाड असेल तर आधी फोनवर ठरणाऱ्या जागा बंद कराव्यात.

मग करायचं काय? जे शाहू महाराजांनी केलं तेच, आपल्या काळाला साजेल असं. शहरातल्या फर्मनी आर्टिकलच्या जागा फोनवर न भरता जाहीर कराव्यात आणि निवड गुण व लेखी चाचणीवर करावी. कुणाला घेतलं, कुठल्या तालुक्यातले, कुठल्या माध्यमाचे, घरातली पहिली शिकलेली पिढी किती, कुठल्या प्रवर्गातले, याची नोंद व्यवसायाच्या संघटनेनं दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. कोल्हापुरात वसतिगृहांची परंपरा आहे. आर्टिकलशिप करणाऱ्या गरजू मुलामुलींसाठी तिथे खोल्या राखून ठेवाव्यात. ज्या बँका, दूध संघ आणि साखर कारखाने आपल्या कचेरीत शाहू महाराजांची तसबीर लावतात, त्यांनी ऑडिटचं काम पॅनेलवरच्या नव्या नावांना आळीपाळीनं द्यावं आणि वार्षिक अहवालात तसं छापावं. सीएची परीक्षा मराठीतूनही देता यावी म्हणून आपण सगळ्यांनी मिळून आग्रह धरावा. यातल्या एकाही गोष्टीला कुणाचे गुण कमी करावे लागत नाहीत. लागतो फक्त नोंद ठेवण्याचा प्रामाणिकपणा, आणि तो तर आपला धंदाच आहे.

ज्यांना अजूनही वाटतं की भेदभाव उरलेला नाही, त्यांच्याशी मी वाद घालत बसणार नाही. त्यांनी आकडे मांडावेत. आपल्या फर्ममध्ये आजवर किती आर्टिकल घेतले, त्यांतले किती ओळखीशिवाय आले, किती दलित वस्त्यांतून, किती धनगरवाड्यांतून, किती मुस्लिम मोहल्ल्यांतून आले, ते कागदावर लिहून सही करून द्यावं. ज्या व्यवसायाचं सगळं अस्तित्व पुराव्यावर उभं आहे त्यानं स्वतःविषयी विनापुरावा विधानं करायची आणि त्यावर टाळ्या घ्यायच्या, हे आता बस्स झालं. १९०२ साली या शहरानं खातेप्रमुखांकडून तिमाही पत्रक मागितलं होतं. तीच मागणी आज या शहरातला प्रत्येक हुशार, अनोळखी, ओळखीविना दारात उभा असलेला तरुण करतो आहे, आणि ते पत्रक समोर येईपर्यंत हिशेबाला जात नसते हे विधान मी अमान्य करतो.